हात वेगवान आहे, वाट लांब पडतेय

प्रश्न: सर, मी गोव्यात डिचोली तालुक्यातली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या उत्सवात, आमच्या रोमटामेळात (ढोल-ताशांच्या मिरवणुकीत) ताशा वाजवते. यंदा एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून आमच्या कॉलेजच्या बँडला मार्चिंग टेनरचा, म्हणजे अंगावर अडकवून चालत वाजवायच्या ड्रमचा संच पाठवला. चार मोठे ड्रम आणि मध्ये एक छोटा. ताशाचा हात आहे म्हणून तो माझ्याकडे आला. एकाच ड्रमवर मी हवं तितकं जलद वाजवते, पण चारही ड्रमवर फिरायचं झालं आणि मेट्रोनोम मिनिटाला १०० ठोक्यांच्या पुढे गेला की स्टिक रिमवर (ड्रमच्या कडेच्या कड्यावर) आपटतात, डावा हात मागे पडतो आणि पंधरा-वीस मिनिटांत खांदे भरून येतात. व्हिडिओ बघून क्रॉसओव्हर (एक हात दुसऱ्यावरून पलीकडे नेणं) करून पाहिले, तेही जमत नाहीत. बँडचे सर म्हणतात, वेग वाढव. १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात वाजवायचं आहे. जड स्टिकने सराव करू का? रोज किती तास करू? की हे माझ्या हातचं कामच नाही?

उत्तर: तुझ्या पत्रातच निदान आहे. एकाच ड्रमवर तू हवं तितकं जलद वाजवतेस, म्हणजे वेग तुझ्या हातात आहेच. तो हरवतो एका ड्रमवरून दुसऱ्या ड्रमवर जाताना. तेव्हा जड स्टिकचा विचार आधी सोडून दे. जड स्टिकने मनगट दमेल, वाट मात्र तितकीच लांब राहील. ज्या स्टिकने १९ डिसेंबरला वाजवणार, त्याच स्टिकने रोज वाजव.

हिशेब करून बघ. मेट्रोनोम १२० वर असताना एका ठोक्यात चार आघात वाजवले, तर सेकंदाला आठ आघात होतात. हात आलटून पालटून चालत असतील, तर एका हाताच्या वाट्याला चार येतात. म्हणजे एका हाताच्या दोन आघातांमध्ये पाव सेकंद असतो. त्या पाव सेकंदात स्टिक उठायची, शेजारच्या ड्रमपर्यंत जायची आणि नेमक्या जागी पडायची. १० इंची आणि १२ इंची ड्रम शेजारी शेजारी असले, तरी मध्यापासून मध्यापर्यंत जवळजवळ फूटभर अंतर असतं. ताशावर हे अंतर शून्य. दोन्ही काठ्या एकाच पानावर, जवळजवळ एकाच जागी पडतात. तुझ्या हाताला उभं जायची सवय आहे, आडवं जायची नाही. ती लावून घ्यायची, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा फरक उसळीचा. ताशाचं पान कडक ताणलेलं असतं आणि बारीक काडी ते आपणच परत फेकतं. तुझ्या संचातला मधला छोटा ड्रमही साधारण तसाच वागेल. पण १४ इंची ड्रमचं पान त्या मानाने सैल असतं, तिथून स्टिक आळसावून परत येते. ताशाच्या भरवशावर हात तिथे गेला की उसळीची वाट बघत थांबतो आणि लय तिथेच सांडते. म्हणून रोजचा पहिला व्यायाम तू १४ इंचीवर कर. आठ उजव्या हाताने, आठ डाव्या हाताने, सावकाश, प्रत्येक आघात मनगटाने उचलून. तिथे आवाज सारखा आला की बाकीच्या ड्रमवर तो आपोआप येतो. बहुतेक मुलं सराव १० इंचीवर सुरू करतात कारण तिथे बरं वाटतं. मला ते पटत नाही.

आता ड्रम मांडलेत कसे ते नीट बघ. तू मागे उभी राहिलीस की सर्वांत उजवीकडे १३ इंची, मग १० इंची, मग १२ इंची आणि सर्वांत डावीकडे १४ इंची. आकाराच्या क्रमाने ते लावलेले नाहीत, हे लक्षात घे. मधले दोन लहान, बाहेरचे दोन मोठे. नंबर मात्र आकाराप्रमाणे आहेत: १० इंची पहिला, १२ दुसरा, १३ तिसरा, १४ चौथा. म्हणजे उजवीकडून डावीकडे गेलीस तर तीन, एक, दोन, चार. हा क्रम डोळे मिटून सांगता आला पाहिजे, कारण नवशिक्याचा अर्धा उशीर ‘आता कुठला’ हे शोधण्यात जातो.

आणि मारायचं कुठे? मधोमध मारू नकोस. या ड्रमला खालून पान नसतं. मधोमध आघात केला की आवाज बसका येतो आणि कडेकडे सरकलं की सूर मोकळा होतो. आणखी महत्त्वाचं म्हणजे वाट. ड्रम तुझ्याभोवती कमानीसारखे आहेत. प्रत्येकाच्या मध्यावर मारायला गेलीस तर हात ती सगळी कमान फिरत राहणार. त्याऐवजी मधल्या दोन ड्रमवर तुझ्या अंगाकडच्या कडेजवळ मार आणि बाहेरच्या दोन ड्रमवर आतल्या बाजूला, शेजारच्या ड्रमकडे सरकून मार. आता चारही जागा मनात जोडून बघ. जवळजवळ सरळ रेघ होते. तुझे हात त्या रेघेवर फिरले पाहिजेत.

हे खरोखर होतंय का ते बघायला घरातली टाल्कम पावडर घे. चारही पानांवर अगदी पातळ भुरभुर. मग तुझा नेहमीचा फेरा, तुझ्या नेहमीच्या वेगात, एक-दोन मिनिटं वाजव आणि थांब. पानं बघ. जिथे स्टिक नेमकी पडली तिथे पावडर उडून छोटा गोल डाग दिसेल. जिथे हात अंदाजाने पडतोय तिथे डाग पसरलेला, लांबट दिसेल, कधी रिमपर्यंत गेलेला. माझा अंदाज सांगतो: पहिल्या आणि दुसऱ्या ड्रमवर डाग बरे असतील, चौथ्यावर पसरलेले असतील आणि तेही डाव्या हाताचे. मग मेट्रोनोम ७० वर आण, पावडर पुसून परत टाक आणि तेच वाजव. डाग लहान होईपर्यंत वेग वाढवायचा नाही. मी सांगण्यापेक्षा पान सांगेल ते जास्त खरं. झाल्यावर पावडर कोरड्या फडक्याने पुसून घे, रिमच्या फटीत साचू देऊ नकोस.

स्टिक रिमवर आपटते त्याचं कारण बहुधा असं असणार: एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना तू हात उचलून, वरून फेरा घेऊन नेतेस. रिम ओलांडायची भीती असते म्हणून हात वर जातो, वर गेला म्हणून उशीर होतो, उशीर भरून काढायला तो घाईने खाली येतो आणि नेमका रिमवर बसतो. तेव्हा उलट कर. स्टिक रिमवरून जेमतेम सुटेल एवढ्याच उंचीने आडवी ने. आघात मनगटाचा, आडवं जाणं कोपरापुढच्या हाताचं. बाहेरच्या ड्रमवर जाताना कोपर अंगापासून थोडं सुटेल, ते सुटू दे, पण खांदा वर येता कामा नये आणि कंबरेतून वळायचं नाही. मोबाईल समोर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण कर आणि बघताना फक्त स्टिकच्या टोकावर नजर ठेव. ती डोंगर चढतेय की सपाट जातेय, एवढंच बघायचं.

डावा हात मागे पडतो, हे दुखणं जवळजवळ सगळ्यांचं. त्यावर मला सर्वांत खात्रीचा वाटणारा व्यायाम असा. एक हात ठाण मांडून बसवायचा, दुसरा फिरता ठेवायचा. आधी डावा हात दुसऱ्या ड्रमवरून हलवायचाच नाही आणि उजवा पहिला-तिसरा, पहिला-तिसरा असा फिरवायचा. आघात उजवा-डावा-उजवा-डावा, अगदी साधे. हे बसलं की पालटायचं. उजवा पहिल्या ड्रमवर बसून राहील आणि डावा दुसरा-चौथा, दुसरा-चौथा जाईल. तुला लगेच कळेल की डावा फिरायला लागला की बसलेला उजवाही डळमळतो. दोष कुठे आहे ते तिथे उघडं पडतं. डाव्या हाताला उजव्याच्या दुप्पट वेळ दे.

त्यानंतर पूर्ण फेरा: तीन, एक, दोन, चार आणि परत. प्रत्येक ड्रमवर आधी आठ आघात, मग चार, मग दोन, मग एक. आठवर असताना लय पक्की होते आणि एकवर येईपर्यंत प्रवास वाढत जातो. वेग तोच, वाट मात्र दर फेरीला जास्त. शंभरला तुझं जे कोसळतं ते बहुतेक दोनवरून एकवर येताना कोसळत असेल. तिथेच सराव कर. जे आधीच येतं ते आठाचं चक्र पुन्हा पुन्हा वाजवून बरं वाटेल, पण वेळ फुकट जाईल.

पॅराडिडल मात्र लवकर हाती घे. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. जेव्हा एका हाताचे दोन आघात लागोपाठ येतात, तेव्हा दुसऱ्या हाताला पुढच्या ड्रमवर आधीच जाऊन बसायला वेळ मिळतो. टेनरच्या वादनात हातांची मांडणी ठरवणं हेच अर्धं तंत्र आहे. एखादी जागा वेगात जमत नसेल तर आधी स्वतःला विचार: इथे हात आलटून पालटून चालवायलाच हवेत का? दोन आघात एकाच हाताने घेतले तर दुसरा मोकळा होतो का? अमेरिकेतल्या पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ मध्ये ४० रूडिमेंटची, म्हणजे ड्रमच्या मूळ आघात-रचनांची, यादी ठरवली, ती बँडच्या मुलांना माहीत असते. ती सगळी आत्ता पाठ करू नकोस. सिंगल (हात आलटून पालटून), डबल (एकेका हाताचे दोन-दोन), पॅराडिडल आणि साधा फ्लॅम (मुख्य आघाताच्या किंचित आधी एक हलका आघात), एवढे चार चारही ड्रमवर स्वच्छ आले तर डिसेंबरचं निभावेल.

एक गोष्ट तुझ्याकडे आहे जी नुसतं ड्रम शिकलेल्या पोरांकडे नसते. मांडावर, शिगमा जिथे जमतो त्या जागी, तू बोल ऐकत वाढलीस. आपलं मातीचं घुमट असो, ताशा असो, आपल्याकडे वाजवण्याआधी तोंडात यावं लागतं. तीच पढंत इथे कर. स्टिक खाली ठेव, मेट्रोनोम लाव आणि ड्रमचे नंबर तोंडाने म्हण: तीन-तीन-एक-एक, दोन-दोन-चार-चार. जीभ अडखळली तर हात अडखळणारच. कंटाळा आला तर नंबरांऐवजी स्वतःचे बोल बसव, प्रत्येक ड्रमला एक अक्षर. बसमध्ये, कॉलेजला जाता-येता हे होतं, कोणाला त्रास नाही आणि मनगटाला विश्रांती. मी याला खूप किंमत देतो, कारण या वाद्यावर चुकणारा हात पुष्कळदा न ठरलेल्या मनामुळे चुकतो.

वेग वाढवायची रीत. ज्या लयीत पावडरचे डाग लहान राहतात ती तुझी आजची लय. समज ती ८४ आहे. तिथून चार-चारने वर जा. प्रत्येक पायरीवर न चुकता मिनिटभर झालं तरच पुढे, चूक झाली की दोन पायऱ्या खाली. याच्या जोडीला दुसरा प्रकार: मेट्रोनोम सरळ १२० वर ठेव, पण वाजव फक्त एका ठोक्याचे चार आघात, पुढचे तीन ठोके गप्प. त्या शांततेत खांदे सैल कर, हात पुढच्या जागी नेऊन ठेव, मग पुन्हा चार. जमलं की दोन ठोके वाजव, दोन गप्प. पहिल्या प्रकारात नेमकेपणा येतो, दुसऱ्यात हाताला खऱ्या वेगाची ओळख होते. नुसता पहिला केला तर बरेच जण ११०-११५ ला येऊन अडकतात, कारण सावकाश वाजवतानाची हालचाल वेगात चालत नाही हे त्यांना फार उशिरा कळतं.

क्रॉसओव्हर आणि स्वीप आत्ता बंद. स्वीप म्हणजे एकाच हाताचे दोन आघात सलग दोन ड्रमवर घेणं आणि क्रॉसओव्हर म्हणजे एक हात दुसऱ्यावरून पलीकडे नेणं. तू व्हिडिओत बघतेस ती मुलं ड्रम कोअरची, म्हणजे कवायत करत वाजवणाऱ्या स्पर्धक बँडची असतात. त्यांच्या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धा १९७२ पासून चालू आहेत आणि उन्हाळाभर ती मुलं दिवसाचे कित्येक तास हेच करतात. आठ-चार-दोन-एकचा फेरा ११२ ला स्वच्छ आला की आधी स्वीप शीक. क्रॉसओव्हर त्यानंतर. तोही आधी मधल्या दोन ड्रमवर, खालचा हात पानाला लागूनच ठेवून. वरच्या हाताला जागा करून द्यायला खालचा हात आणखी खाली राहिला पाहिजे. वरचा उंच उचलला की स्टिकवर स्टिक आपटते.

खांद्यांचं मात्र मनावर घे. पंधरा-वीस मिनिटांत खांदे भरून येत असतील तर आधी हार्नेस, म्हणजे ड्रम अंगावर अडकवायचा सांगाडा, तपास. तो पाठवणाऱ्याच्या किंवा दुकानातल्या मापावर लावलेला असणार. हा संच हार्नेससकट दहा किलोच्या बराच वर जातो. वजन दोन्ही खांद्यांवर सारखं यायला हवं, पोटावरची पट्टी टेकलेली हवी आणि ड्रमची उंची अशी हवी की हात सैल सोडून कोपरात वाकवले तर स्टिक किंचित उताराने पानावर येतील. ड्रम उंच बसले असतील तर तू प्रत्येक आघाताला खांदे उचलतेस, आणि मग वेग कुठून येणार? बँडमधल्या कोणाला तरी समोर उभं करून बोल्ट सैल कर, उंची लाव, परत घट्ट कर. तुझी उंची एकदा ठरली की बोल्टच्या जागी मार्करने खूण करून ठेव, म्हणजे दुसऱ्या कोणी वापरला तरी परत मिळेल. सराव मात्र रोज हार्नेसवर नको. संच स्टँडवर किंवा दोन टेबलांवर नीट टेकवून ठेव आणि आठवड्यातून दोन-तीन वेळाच अंगावर घे. घरी संच नसतोच, तेव्हा प्लायवुडवर १०, १२, १३, १४ इंचांचे गोल तसेच कमानीत आखून त्यावर रबराचे तुकडे चिकटव. आवाज कमी आणि अंतर खरं. मनगटात दुखणं रात्री राहत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर सराव थांबवून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या डॉक्टरांना दाखव. त्यात दिरंगाई नको.

कानात प्लग घाल. अमेरिकेच्या निओश या, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेचा हिशेब असा आहे: ८५ डेसिबलला आठ तास चालतात, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो आणि १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रमचा संच १०० सहज गाठतो. हे मी प्रत्येक मुलाला सांगतो आणि प्रत्येक मुलगा हसतो. तू हसू नकोस.

संचाची निगाही सांगतो, कारण आपल्या हवेत हे फार लागतं. या ड्रमची पानं प्लास्टिकच्या पटलाची असतात. पावसाळ्यात ढोलाचं किंवा घुमटाचं चामडं सैल पडतं तसं यांचं होत नाही. पण लोखंडाला आपली दमट, खारी हवा खाते. रिमचे स्क्रू आणि हार्नेसचे बोल्ट वाजवून झाल्यावर पुसायचे, महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवायचा. आणि प्रत्येक पानाला कडेने, प्रत्येक स्क्रूजवळ हलकं टिचकावून बघ. सूर सगळीकडे सारखा यायला हवा. चौथा ड्रम फारच ढिला असेल तर थोडा चढव. तुझ्या डाव्या हाताचा काही दोष तिथेही असू शकतो.

रोज किती तास? तासांनी नाही, पाऊण तासाने. दहा मिनिटं १४ इंचीवर आठ-आठ, पंधरा मिनिटं एक हात बसलेला आणि एक फिरता, बाकी फेरा आणि चार आघातांची खेप. रविवारी सुट्टी घेतलीस तर माझी हरकत नाही. ताशा सोडू नकोस. शिगमा मार्चमध्ये आहे, तुझ्या मेळाला तू हवीच आहेस आणि ताशाने तुझ्या मनगटाला जे दिलंय ते टेनरला उपयोगीच पडेल. फक्त एकाच दिवशी दोन्हींचा कस लावू नकोस.

चालत वाजवणं शेवटी. आधी उभं राहून, मग जागच्या जागी कदमताल, मग पुढे. कदमतालात पावलं आणि हात जुळले नाहीत तर लय दहाने कमी करायची, पावलं बदलायची नाहीत, कारण पावलं सगळ्या बँडची असतात.

आता तुझ्या बँडच्या सरांविषयी. त्यांना हे उत्तर दाखव आणि एक मोकळेपणाने विचार: तुझ्या भागात ज्या जागी क्रॉसओव्हर लिहिला असेल किंवा चारही ड्रमचा फेरा एका ठोक्यात संपवायचा असेल, तिथे यंदापुरते पहिला आणि दुसरा एवढेच ड्रम चालतील का? समोर मैदानात बसलेल्या माणसाला स्वच्छ पडलेले दोन ड्रम ऐकू जातात, घसरलेले चार नाहीत. नोव्हेंबरच्या अखेरीस आठ-चार-दोन-एकचा फेरा ११२ ला आला असेल तर मूळ वाजव, नसेल तर सोपं केलेलं. ते सरांबरोबर आत्ताच ठरवून घे. आदल्या दिवशी मैदानावर ठरवायची वेळ येऊ देऊ नकोस.